होर्डिंग पडलं, जागामालकाचं काय?

17 एप्रिल 2023. वादळी पावसात किवळे इथे सर्व्हिस रोडलगतचं होर्डिंग कोसळलं आणि आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा जीव गेला. जागामालकावरही गुन्हा नोंदवला गेला. तुम्ही म्हणाल, वाऱ्याला मालक काय करणार?

हा प्रश्न जुनाच. लंडनमध्ये घराबाहेरचा दिवा वाटसरूवर पडला, तेव्हा ‘दुरुस्ती कंत्राटदाराने केली’ ही सबब कोर्टाने 1876 मध्ये फेटाळली. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं: रस्त्यालगतच्या बांधकामातला दोष मालकाला माहीत असो वा नसो, देखभाल त्याचीच, भरपाईही त्यानेच द्यायची.

म्हणून लक्षात ठेवा, फौजदारी खटल्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. भरपाईचा दावा मात्र वेगळा मांडता येतो.