व्हिडिओ-खेळांचे नियंत्रक आणि शारीरिक मर्यादा असलेले खेळाडू

व्हिडिओ-खेळांच्या इतिहासात यंत्रांच्या पिढ्यांची मोजदाद बारकाईने झाली आहे. परंतु ज्या साधनाच्या द्वारे खेळणारा त्या यंत्राशी व्यवहार करतो त्या नियंत्रकाकडे, म्हणजे रूढ भाषेतील कंट्रोलरकडे, त्या मानाने लक्ष कमी गेले. हातांची हालचाल मर्यादित असलेल्या खेळाडूंसाठी ह्या साधनात जे फेरफार झाले त्यांचा उल्लेख आलाच तर तो बहुधा परोपकारकथेच्या रूपाने येतो. एका मोठ्या कंपनीने २०१८ साली एक विशेष साधन काढले आणि तोपर्यंत बंद असलेले दार उघडले, अशी ती कथा. घटनाक्रम तपासला असता ही मांडणी टिकत नाही. फेरफार त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. ते सुलभ झाले की दुर्घट, हे बहुतांशी यंत्राला बाहेरची तार जोडण्याची जागा कशी बांधलेली होती ह्यावर अवलंबून राहिले.

ह्या इतिहासाचा उगम खेळात नसून रुग्णालयात आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालय मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या उपचारांसाठी प्रसिद्ध होते. तेथे १९६० साली रेज मेलिंग हे स्वयंसेवक म्हणून रुग्णांना भेटावयास जात. हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाला परिचारिकेस बोलावण्यासाठी शिट्टीखेरीज दुसरे साधन नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ज्या श्वासाने शिट्टी वाजते त्याच श्वासाने विजेची कळ का दाबली जाऊ नये, ह्या विचारातून त्यांनी नळीत फुंकून वा ओढून टंकलेखनयंत्र चालविण्याची योजना सिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पॉसम’ हा शब्द रूढ झाला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा आहे. ह्या योजनेतले तत्त्व असे की यंत्राला मंडल जोडले गेले की तुटले एवढेच कळते. ते बोटाने जोडले, हनुवटीने की श्वासाने, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या यंत्रात हे तत्त्व जणू आयतेच उपलब्ध होते. त्याच्या जॉयस्टिकमध्ये चार दिशांचे चार स्विच आणि गोळीबाराची एक कळ असे. ह्या पाचही स्विचांसाठी नऊ पिनांच्या जोडणीत स्वतंत्र तार होती. साधी डागणी करता येणाऱ्या कोणालाही तेथे आपल्या मनाजोगता स्विच जोडता येई. विमानउद्योगातील अभियंता केन यांकेलेविट्झ ह्यांनी १९८१ पासून मानेखाली शरीर लुळे पडलेल्यांसाठी तोंडाने चालणारे नियंत्रक बनविण्यास सुरुवात केली, ती ह्याच अटारीवर. यंत्राच्या निर्मात्यांनी अपंग खेळाडूंचा विचार केला होता असे नव्हे. जोडणी साधी ठेवणे त्यांना स्वस्त पडत होते, इतकेच.

निंटेंडोचे यंत्र १९८५ साली अमेरिकेत आले तेव्हा ही स्थिती पालटली. त्याच्या नियंत्रकात आठ कळांची स्थिती एक इलेक्ट्रॉनिक चिप क्रमाने वाचून एकाच तारेवरून यंत्राला कळवीत असे. म्हणजे आता नुसता स्विच जोडून भागत नव्हते. मूळ नियंत्रक उघडून त्याच्या पट्टीवरच तारा डागाव्या लागत. १९८९ साली निंटेंडोनेच ‘हँड्स फ्री’ हा नियंत्रक काढला. तो छातीवर बांधून दांडी हनुवटीने हलवावयाची आणि कळांचे काम नळीत फुंकून वा ओढून करावयाचे, अशी त्याची रचना होती. दुकानांत तो मिळत नसे. कंपनीच्या ग्राहकसेवेकडे मागवावा लागे. ह्या साधनाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याला पुढील साधनांचा पूर्वज म्हणण्याची जी प्रथा आहे ती तपासून घ्यावयास हवी. त्यात एका विशिष्ट शरीराची कल्पना गृहीत होती: मान स्थिर, हनुवटी समर्थ, श्वासावर ताबा. ज्याची मान हलत नाही पण एक अंगठा हलतो अशा स्नायुक्षयाच्या रोग्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्यात दुसरे काही जोडण्याची सोयही नव्हती. एका ठरीव देहाऐवजी दुसरा ठरीव देह आला, एवढाच बदल झाला.

दरम्यान खेळ अधिकाधिक गुंतागुंतीचे झाले. १९९७ सालच्या सोनीच्या ड्युअलशॉकमध्ये दोन दांड्या आणि दहाहून अधिक कळा होत्या, व त्या दोन्ही हातांना वाटून दिलेल्या होत्या. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर नियंत्रक पुन्हा उघडणे आले. यांकेलेविट्झ निवृत्तीनंतरही जवळजवळ नफ्याविना हे काम करीत राहिले; परंतु २०११ च्या सुमारास त्यांनी थांबण्याचा विचार जाहीर केला तेव्हा त्यांच्या साधनावर अवलंबून असलेल्यांची स्थिती किती नाजूक आहे हे उघड झाले. एका वृद्ध गृहस्थाच्या प्रकृतीवर अनेकांचे खेळणे टांगलेले होते. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन फ्रेड डेव्हिसन ह्यांनी पुढे ‘क्वाडस्टिक’ सिद्ध केले म्हणून परंपरा तुटली नाही; पण ती तुटली असती, ही गोष्ट ह्या इतिहासात गौण नाही.

अमेरिकेत २००४ साली ‘एबलगेमर्स’ आणि इंग्लंडमध्ये २००७ साली ‘स्पेशलइफेक्ट’ ह्या संस्था निघाल्या. जखमी सैनिकांसाठी नियंत्रक बदलून देणाऱ्या ‘वॉरफायटर एंगेज्ड’ ह्या संस्थेने केलेल्या एका साधनाचे छायाचित्र २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याच्या पाहण्यात आले. त्यातून २०१५ मध्ये कंपनीत प्राथमिक नमुने झाले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ‘एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर’ सुमारे १०० डॉलरला विक्रीस आला. वर दोन मोठ्या कळा, आणि मागे ३.५ मिलिमीटरची १९ सॉकेटे व बाजूंस दोन यूएसबी जोडण्या, अशी ही पेटी आहे. ३.५ मिलिमीटरची पिन म्हणजे साध्या इअरफोनची पिन. रुग्णालयांत आणि विशेष शाळांत अपंगांसाठी वापरले जाणारे स्विच वर्षानुवर्षे ह्याच पिनेचे बनत आले होते. कंपनीने स्वीकारले ते हे जुने माप. खरी नवी गोष्ट होती ती हा स्वीकार. अटारीच्या जोडणीत जे योगायोगाने होते ते येथे हेतुपुरस्सर परत आणले गेले. शरीर कसे असावे हे पेटीने ठरविले नाही. ते खेळाडूवर, आणि त्याच्या जवळच्या व्यवसायोपचारतज्ज्ञावर, सोडले.

अर्थात सोडून देण्याचाही खर्च असतो. पेटी १०० डॉलरची, परंतु स्विच निराळे घ्यावयाचे; कित्येकदा त्यांचीच बेरीज पेटीहून अधिक भरे. २०१९ मध्ये लॉजिटेकने १२ स्विचांचा संच त्याच सुमाराच्या किमतीस काढला तेव्हा हा भार काहीसा हलका झाला.

सोनीचा ‘अ‍ॅक्सेस’ नियंत्रक डिसेंबर २०२३ मध्ये आला. तो वाटोळा असून त्याच्या कळांच्या टोप्या बदलता येतात. त्याला बाहेरील स्विचांसाठी ३.५ मिलिमीटरची चार सॉकेटे आहेत. त्यामुळे एकाच खेळाडूचा एकच स्विच आता दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या साधनांत बसतो. तो ज्या पेटीत बसतो ती पेटी मात्र दुसऱ्या कंपनीचे यंत्र मधल्या एखाद्या रूपांतरकावाचून ओळखत नाही, आणि दोन्ही यंत्रांवर खेळू इच्छिणाऱ्यास ती सहसा दोनदा विकत घ्यावी लागते.