लेखणी कोणाच्या हाती? अमेरिकेतील गौरेतर स्त्रियांचे लेखन आणि स्त्री-चळवळीतील दुभंग

अमेरिकेतील स्त्री-चळवळीचा इतिहास सांगताना एक आरोप वारंवार केला जातो. १९७० नंतर कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर स्त्रिया स्वतंत्रपणे लिहू लागल्या आणि त्यामुळे एकसंध चळवळ दुभंगली, असा तो आरोप होय. आमच्या मते तो इतिहासाला धरून नाही. हा दुभंग त्या लेखनाच्या शंभर वर्षे आधीचा आहे. त्याची नोंद करणारे हात तेवढे बदलले.

स्त्रिया आणि कृष्णवर्णीय या दोहोंना मताधिकार मिळावा यासाठी १८६६ मध्ये 'अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्त्री-हक्क परिषदेत कृष्णवर्णीय कवयित्री फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर यांनी ट्राममध्ये व आगगाडीत आपल्यासारख्या स्त्रियांना कशी वागणूक मिळते, हे गोऱ्या श्रोत्यांपुढे मांडले. तीन वर्षांतच, १८६९ मध्ये, संस्था फुटली. निमित्त होते पंधराव्या घटनादुरुस्तीचे. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे ती म्हणत होती; लिंगाविषयी ती मूक होती. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी तिला विरोध करताना कृष्णवर्णीय पुरुषांविषयी जी हीन भाषा वापरली, ती त्यांच्या थोर कार्यावरचा कायमचा डाग होय. या वादात 'स्त्री' म्हणजे गोरी स्त्री आणि 'कृष्णवर्णीय' म्हणजे पुरुष, असेच बहुधा गृहीत धरले गेले. दोन्ही असणारी स्त्री कोणत्याच रकान्यात बसेना.

पुढे ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टन येथे मताधिकाराची भव्य मिरवणूक निघाली. झुंडबळींविरुद्ध लेखणी चालविणाऱ्या आयडा बी. वेल्स यांना त्यांच्या इलिनॉय राज्याच्या गोऱ्या भगिनींबरोबर न चालता मागे चालण्यास सांगण्यात आले. वेल्स मागे गेल्या नाहीत. मिरवणूक सुरू झाल्यावर त्या इलिनॉयच्याच पथकात येऊन मिळाल्या. १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र तो प्रत्यक्षात बजावण्यासाठी १९६५ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

आता लेखणीचा प्रश्न. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या सोजर्नर ट्रुथ यांचे १८५१ चे ॲक्रन येथील भाषण जगप्रसिद्ध आहे. ट्रुथ यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे भाषण त्याच वर्षी एका गुलामगिरीविरोधी पत्राने छापले. त्यात आज सर्वांच्या तोंडी असलेला तो प्रश्न आढळत नाही. तो येतो बारा वर्षांनंतर, १८६३ मध्ये, फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने छापलेल्या पाठात. गेजबाईंनी ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली. वास्तविक ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातील होत्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती! गेजबाईंचा हेतू वाईट नसेलही. परंतु सहानुभूतीने का होईना, दुसऱ्याने लिहिलेला आवाज दुसऱ्याचाच होतो, हे येथे स्पष्ट दिसते. त्याच प्रश्नाला शीर्षक करून बेल हुक्स यांनी १९८१ मध्ये आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा मात्र लेखणी कृष्णवर्णीय स्त्रीच्याच हाती होती.

बॉस्टन येथील 'कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह' या गटाने १९७७ मध्ये आपले निवेदन लिहिले. ज्या नदीकाठच्या मोहिमेत हॅरिएट टबमन यांनी १८६३ मध्ये साडेसातशेहून अधिक गुलाम मुक्त केले, तिचे नाव या गटाने घेतले होते. वंश, लिंग, वर्ग यांचे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत, हे त्याचे सूत्र. पुरुषांपासून पूर्णतः वेगळे होण्याचा मार्ग त्याने नाकारला, हे फुटीचा आरोप करणारे सोयीस्करपणे विसरतात. १९८१ मध्ये चेरी मोरागा आणि ग्लोरिया अन्झाल्दुआ यांनी 'धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक' हा संग्रह संपादित केला. त्यात कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाच्या, मूळनिवासी आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांचे लेखन एकत्र आले. तो प्रथम काढणारी गोऱ्या स्त्रियांची प्रकाशनसंस्था लवकरच बंद पडली. १९८३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, ती 'किचन टेबल' या गौरेतर स्त्रियांच्या स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतर्फे. ऑड्रे लॉर्ड यांच्या सूचनेवरून बार्बरा स्मिथ प्रभृतींनी ती उभारली होती. स्वयंपाकघरातील टेबल हे स्त्रियांच्या कामाचे आणि बोलण्याचे ठिकाण, म्हणून ते नाव. गोऱ्या प्रकाशिकेच्या मर्जीवर आपला ग्रंथ जगावा वा मरावा, हे त्यांना मान्य नव्हते.

हा विचार मराठी मुलखाशी जोडला गेला तो वादातूनच. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे का बोलतात, याची इंग्रजीत मांडणी केली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये तिला उत्तर देताना कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या चर्चेचा आधार घेतला आणि केवळ 'वेगळेपण' मान्य करून भागणार नाही, असे बजावले. परंतु हा विद्वानांचा वाद सुरू होण्यापूर्वीच, १९८९ मध्ये, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ मराठीत आला होता. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन, तो याच चळवळीतील दोघींनी सिद्ध केला होता.