९९९ वर्षांचा करार आणि एक जंगल

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पाच वर्षं टिकेल असं काही लिहिलं तरी स्वतःवर खूश होतो. २९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्रावणकोर संस्थान आणि मद्रासचं ब्रिटिश सरकार यांच्यात जो करार झाला, त्याची मुदत आहे ९९९ वर्षं. म्हणजे २८८५ पर्यंत! ८,००० एकर जमीन, एकरी वर्षाला ५ रुपये भाडं. या जमिनीवर पाणी साठणार होतं.

पेरियार नदी पश्चिमेला वाहते आणि अरबी समुद्राला मिळते. घाटाच्या पलीकडे, पूर्वेला, मदुराईचा भाग मात्र कोरडा. १८७६-७८च्या दुष्काळानं मद्रास इलाख्यात हाहाकार उडवला होता. तेव्हा इंजिनिअर जॉन पेनीक्विक यांच्या देखरेखीखाली नदीच अडवायचं आणि डोंगरातून बोगदा काढून पाणी पूर्वेकडे वैगईच्या खोऱ्यात वळवायचं ठरलं. काम १८८७ मध्ये सुरू झालं, १८९५ मध्ये संपलं. पुरानं बांधकाम वाहून नेलं, मलेरियानं मजूर मेले. चुना आणि सुरखीचं ते धरण, मुल्लपेरियार, आजही उभं आहे.

थेक्कडीला लेक पॅलेसमध्ये मी दोन रात्री राहिलो. त्रावणकोरच्या राजघराण्याचा हा उन्हाळी महाल आता सरकारी हॉटेल आहे. मोजक्या खोल्या, चहूकडे जंगल, आणि पोचायला बोट. वाटेत पाण्यातून वर आलेली काळी, वठलेली खोडं दिसतात. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. तलावात झाडं उगवली कशी, असं वाटतं. पण झाडं आधीची आहेत, पाणी नंतरचं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी बुडालेल्या जंगलाची ही खोडं.

व्हरांड्यात बसून समोरच्या काठावर गवे आणि हत्ती पाहताना आपण 'अस्पर्श निसर्ग' पाहतोय असं वाटणं सोपं आहे. पण उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, मोकळ्या काठावर गवत येतं, आणि जनावरं नेमकी तिथे उतरतात. म्हणजे जे दृश्य पाहायला आपण पैसे मोजतो, ते त्या धरणानंच तयार केलंय.

जंगल उरलं तेही आपोआप नाही. आजूबाजूचे डोंगर चहाच्या मळ्यांखाली जात होते. १८९९ मध्ये तलावाभोवतीचं जंगल राखीव झालं. १९३४ मध्ये त्रावणकोरनं इथे नेल्लिक्कमपट्टी अभयारण्य घोषित केलं, १९५० मध्ये पेरियार अभयारण्य झालं, १९७८ मध्ये व्याघ्र प्रकल्प. नकाशावर प्रत्येक वेळी जंगल सुरक्षित झालं. पण त्याच जंगलात राहणाऱ्या मन्नान आणि पळियन लोकांना मात्र बाहेर, कुमळीच्या कडेला यावं लागलं.

मग जंगल राखलं कुणी? इथे गोष्ट वेगळं वळण घेते. काही स्थानिक माणसं रानदालचिनीची साल चोरून विकायची, शिकारही करायची. या झाडाला इथे 'वायना' म्हणतात. जंगलाच्या वाटा त्यांना वनखात्यापेक्षा जास्त पाठ. १९९०च्या दशकात इको-डेव्हलपमेंट प्रकल्प आला, तेव्हा यातल्या एका गटाशी बोलणी झाली. त्यांनी चोरी सोडायची, गस्त घालायची आणि पर्यटकांना जंगल दाखवून कमवायचं. त्यांच्या समितीच्या नावातच 'माजी वायना साल गोळा करणारे' असं आहे. भूतकाळ लपवलेला नाही, उलट तोच अनुभवाचा दाखला!

आमच्यासोबतच्या वाटाड्याला मी विचारलं, "चेट्टा, जनावर जवळ आहे हे कसं कळतं?" तो हसला. म्हणाला, "आधी आम्ही गार्डपासून लपायचो ना, तेव्हाच ऐकायला शिकलो."

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे कोयनेचं पाणी शिवसागर झालं, गावं त्याच्या तळाशी गेली, आणि काठाचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. तापोळ्याला बोटिंग करताना आपण 'मिनी काश्मीर' म्हणून फोटो टाकतो. खाली कुणाची घरं होती, हे बोटीत क्वचितच कुणी विचारतं.

मुल्लपेरियारचा वाद अजून चालू आहे. धरण केरळात, चालवतं तमिळनाडू. खालच्या खोऱ्यातल्या लोकांना जुन्या भिंतीची भीती वाटते, पलीकडच्या शेतकऱ्याला पाणी कमी होण्याची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाण्याची पातळी १४२ फुटांपर्यंत नेऊ दिली. हा आकडा वर-खाली झाला की थेक्कडीतला काठही सरकतो, गवत सरकतं आणि हत्तींची वाटसुद्धा. त्यामुळे जंगल वाचवायचं म्हणजे माणसांना कुंपणाबाहेर ठेवायचं, एवढं सोपं उत्तर इथे चालत नाही. माणूस इथे १८८६ पासून प्रत्येक निर्णयात आहे. प्रश्न फक्त एवढाच, की पुढचा निर्णय घेताना खोलीत कोण कोण असेल: दोन सरकारं आणि कोर्ट, की साल सोलणं सोडून गस्त घालणारा तो वाटाड्यासुद्धा?