सेंट टॉमस कॅथीड्रल, मुंबई
मुंबईच्या फोर्ट भागात हॉर्निमन सर्कललगत असलेले, इंग्रजांनी या शहरात उभारलेले पहिले अँग्लिकन चर्च. गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या कारकिर्दीत 1676 मध्ये त्याचा पाया घातला गेला. परंतु भिंती काही उंचीपर्यंत चढल्यावर काम थांबले आणि सुमारे चाळीस वर्षे ते तसेच पडून राहिले. धर्मगुरू रिचर्ड कॉब याने नेटाने वर्गणी जमवून काम पुन्हा सुरू केले व 1718 च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. किल्ल्याचा जो दरवाजा या वास्तूकडे जाई तो ‘चर्चगेट’ म्हणून ओळखला जाऊ लागला; आजच्या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच आले आहे.

मुंबईसाठी स्वतंत्र बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख, नेमला गेल्यावर 1837 मध्ये या चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या अधिकृत आसनाच्या चर्चचा, दर्जा मिळाला आणि लगेचच त्यावर मनोरा चढवण्यात आला. 1860 च्या दशकात जेम्स ट्रबशॉ याने चॅन्सेल, म्हणजे वेदीभोवतालचा पूर्वेकडील भाग, मध्ययुगीन इंग्लंडमधील गॉथिक शैलीत नव्याने रचला. त्यामुळे साध्या, जाड भिंतींच्या सभागृहातून टोकदार कमानींच्या वेदीकडे जाताना दोन भिन्न काळ एकाच छताखाली सलग अनुभवता येतात, आणि या वास्तूचे खरे महत्त्व या मिलाफातच आहे. आतील संगमरवरी स्मारकशिल्पांत गव्हर्नर जोनाथन डंकन याचे स्मारक विशेष उल्लेखनीय आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन व इतर प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तेव्हापासून हे कॅथीड्रल त्याच्या मुंबई धर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे.