रस्त्यावरचा आवाज

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता तेलगाव सोडून दिंद्रुडच्या शिवारात शिरतो. उसाच्या गाळपाच्या दिवसांत या रस्त्याने रात्री ज्याने गाडी हाकली आहे, त्याला पुढची गोष्ट सांगावयास नको. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असतात. आणि पुढे काळोखात उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालतो आहे की मोडून उभा आहे, हे त्याच्या अंगावर जाईपर्यंत कळत नाही. मागे दिवा नसतो. कोणी शहाणा चालक चाकाला दगड लावतो, बाभळीची एखादी फांदी तोडून रस्त्यावर टाकतो. ती फांदी म्हणजे आमच्या रस्त्यांची जुनी लिपी आहे. 'पुढे अडथळा आहे' एवढे एकच वाक्य तिला येते, आणि तेही ती अगदी जवळ गेल्यावरच बोलते. हेच वाक्य मैलभर आधी कानावर पडले असते तर? मोटारीत बसविण्याच्या बिनतारी यंत्राचा, ज्याला सीबी किंवा नागरी रेडिओ म्हणतात त्याचा, विचार आम्ही या प्रश्नापासून सुरू करतो.

हे यंत्र अमेरिकेचे. सामान्य नागरिकाला परीक्षेवाचून बिनतारी बोलता यावे म्हणून तेथे १९४५ साली काही लहरी वेगळ्या काढण्यात आल्या. १९५८ साली त्यासाठी २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा मिळाला आणि यंत्र स्वस्त झाले. तरी त्याचा बोलबाला झाला तो १९७३ च्या तेलटंचाईत. डिझेल कोठे मिळते आणि वेगमर्यादा मोडणाऱ्यांची वाट पाहत पोलीस कोठे उभा आहे, या दोन बातम्या लॉरीवाले एकमेकांना देऊ लागले. दुसऱ्या बातमीचे समर्थन आम्ही करीत नाही; पण यंत्राचा प्रसार तिनेच अधिक केला असावा, असा आमचा संशय आहे. १९७७ साली वाहिन्या २३ च्या ४० झाल्या.

इकडे आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सरकारी मोटारगाड्या १९३२ साली धावू लागल्या. पण ओढ्याला पाणी आले आहे, ही खबर समोरून येणाऱ्या चालकाने गाडी थांबवून खिडकीतून सांगावी, हीच रीत पुढेही पुष्कळ वर्षे राहिली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८५ च्या तारकायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारने आपल्याकडे ठेवला होता, आणि १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. स्वातंत्र्यानंतरही हे कायदे तसेच राहिले. घरात गाणी ऐकण्याच्या रेडिओलाही पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे, हे आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. जेथे ऐकण्याला परवाना, तेथे बोलण्याची गोष्ट कशाला!

१९९५ हे वर्ष या बाबतीत मोठे. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि जुलैअखेर देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले, आणि टेलिफोन गाडीवाल्याच्या खिशात जाऊन बसला. त्यानंतर, २००५ साली, सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा नागरी पट्टा पाच वॅटपर्यंतच्या यंत्रांना परवान्यातून मोकळा केला. दार उघडले, पण वऱ्हाड दुसऱ्या मांडवात जेवून गेले होते.

तरीही मोबाईल आणि हे यंत्र एकच काम करतात असे म्हणणे बरोबर नाही. मोबाईलवर बोलण्यासाठी माणसाचा क्रमांक ठाऊक हवा. अंधारात उभ्या ट्रॅक्टरच्या मागून येणारा जीपवाला कोण, हे ट्रॅक्टरवाल्याला कसे कळावे? नागरी रेडिओत मात्र कळ दाबून एकाने बोलावे आणि त्या वाहिनीवरील टापूतल्या सर्वांनी ऐकावे. मनोऱ्याची गरज नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात हौशी बिनतारीवाले निरोप पोचविण्यास धावले होते, ते याच स्वावलंबनाच्या बळावर. मात्र त्यांचा परवाना परीक्षा देऊन मिळविलेला असतो.

आता रोजच्या वापरातील अडचणी. या लहरीची लांबी सुमारे अकरा मीटर. तिच्या चौथाईची काठी उभारायची तर ती नऊ फूट होते. एवढी काठी घेऊन बाभळीखालून कोण जाणार? आखूड काठी लावली की पल्ला घटतो. सपाट माळावर काही मैल बोलणे होईल. पण तेलगावहून धारूरच्या घाटात शिरले की डोंगर आड येतो, आणि नेमक्या त्या वळणांवर आवाज तुटण्याचा संभव. पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगी कानात खरखर करते. डिझेलला ठिणगी नाही, म्हणून ट्रॅक्टर या कामी बरा. सूर्यावरील डागांच्या भराच्या वर्षांत हजारो मैलांवरची बोलणी आकाशातून परतून मध्येच घुसतात. मोठ्या ट्रकची बॅटरी बहुधा २४ व्होल्टची आणि यंत्र १२ व्होल्टचे, म्हणून मध्ये दाब उतरविणारी पेटी हवी. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालविताना हाती धरून बोलण्याचे यंत्र वापरणे धोकादायक हाकण्यात गणले आहे. तारेला लोंबणारा माइक त्यात बसतो की नाही, हा वाद वकिलांचा. वळणावर एक हात चाकावरून जातो, एवढे आम्हांस दिसते.

तेव्हा आमचे मत असे. एकट्या कुटुंबाच्या मोटारीत हे यंत्र बसविणे म्हणजे ओस गावात दवंडी पिटणे होय, ऐकणाराच नाही. पण एकाच कारखान्यासाठी एकाच रस्त्याने ये-जा करणाऱ्या ऊसगाड्यांच्या ताफ्यात त्याला अर्थ आहे. सगळ्यांनी एक वाहिनी ठरवावी. गाडी मोडली की चालकाने खाली उतरून प्रथम फांदी टाकावी, मग उभ्या गाडीतून बोलावे. मागून येणाऱ्या परक्या जीपला ही हाक पोचणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. तिच्यासाठी ट्रॉलीच्या पाठीवर तांबडी चमकती पट्टी लागते. यंत्रापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते, आणि मोळी टाकण्यापूर्वी ट्रॉल्या रिकाम्या उभ्या असतात तेव्हा ती चिकटविण्यास फार वेळही लागत नाही.