वऱ्हाडचा कापूस आणि कायद्याबाहेरची मुले

१/ १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम करून घेऊ नये, असे त्यात लिहिले होते. आज हे वाचतानाही अंगावर काटा येतो. पण अमरावती-अकोल्याच्या अनेक कापूस कारखान्यांतील मुलांच्या वाट्याला एवढेही संरक्षण आले नाही. असे का झाले, हे सांगणारा हा धागा.

२/ आधी पार्श्वभूमी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला आणि साऱ्या व्यापाऱ्यांची नजर इथल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. पुढे बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराला थेट जोडला गेला.

३/ वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे दोन तृतीयांश सरकी असते, उरते ती रुई. सरकीसकट कापूस दूर पाठवणे म्हणजे वाहतुकीचा खर्च वाया घालवणे. त्यामुळे सरकी वेगळी करणारे जिन आणि रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस कापसाच्या बाजारपेठेशेजारीच उभे राहिले. पूर्वी हे काम घरोघरी हातचरकीवर, मुख्यतः बायका करीत. वाफेच्या इंजिनाने ते घरातून उचलून कारखान्याच्या पत्र्याखाली नेले.

४/ या कारखान्यांचे वर्ष दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत संपे. जिनात कापूस टाकण्याचे काम प्रामुख्याने बायकांकडे असे. आई कामावर आली की मुलेही बरोबर येत, कारण त्यांना सांभाळायला घरी कोणी नसे. थोडे मोठे मूल झाले की तेही कापूस उचलण्या-सारण्याच्या कामाला लागे. भोवताली यंत्राचा खडखडाट आणि हवेत तरंगणारी रुईची धूळ.

५/ आता कायद्याकडे वळू. त्याचा जन्म मुंबईचा. समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कामगारांसाठी विधेयकाचा मसुदा तयार केला होता. मेरी कार्पेंटर यांनी इंग्लंडमध्ये हा प्रश्न मांडला. मात्र मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा खुपणाऱ्या लँकेशायरच्या मालकांनाही हा कायदा हवाच होता. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. देशी उद्योगाचे रक्षण की मुलांचे, असा तो पेच होता आणि त्यात मुलांची बाजू मांडणारे थोडे होते.

६/ कायदा झाला, पण ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या अशी केली गेली की कुंपण घातल्यासारखे झाले. यांत्रिक शक्ती वापरणारा, शंभर किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेला आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक चालणारा तोच कारखाना. मुंबईची गिरणी बारमाही, म्हणून ती आत आली. वऱ्हाडचा लहान जिन कधी माणसांच्या संख्येमुळे, तर कधी हंगामाच्या लांबीमुळे बाहेर राहिला. मूल तेच आणि यंत्रही तितकेच धोक्याचे, पण कायद्याने मोजले ते कारखान्याचे महिने.

७/ वऱ्हाडापुरती आणखी एक अडचण होती. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. तो निजामाचा, पण इंग्रजांच्या कारभाराखालचा मुलूख. १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा झाला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे कलकत्त्यात संमत झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे.

८/ हंगामी कारखान्यांत काय चालते, हे सरकारला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे शेजारच्या खानदेशातील जिन-प्रेसची माहिती आली होती. ऐन हंगामात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम चाले. गाडीभर कापूस दारात उभा, बाजारभाव चढलेला, अशा वेळी घड्याळ पाहायचे कोणी?

९/ त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, ठरलेले तास या त्यांच्या मागण्या होत्या. १८९१ च्या दुरुस्तीत किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी दिवसाला सात तासांची मर्यादा आली आणि संख्येची अट शंभरावरून पन्नासावर उतरली. हे मोठे यश होते. पण जिनाच्या कामगारांची अशी संघटना कुठून होणार? हंगाम संपला की ती माणसे पुन्हा शेतांवर पांगत.

१०/ चार महिन्यांचे कुंपण पडले ते १९११ च्या कायद्याने. हंगामी कारखाने कक्षेत आले. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी! एवढ्या काळात सात वर्षांचे मूल सदतीस वर्षांचे होते आणि कदाचित स्वतःच्या मुलाला घेऊन त्याच जिनाच्या दारात उभे राहते.

११/ पुढचा धक्का बाहेरून आला. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. उद्योगात किमान वय चौदा असावे, असे जगासाठी ठरले. हिंदुस्थानासाठी मात्र सवलत देऊन ते बारा ठेवले. त्यानुसार १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखाना बंद केला, बारा ते पंधरा वयासाठी सहा तास ठरवले आणि वीस कामगारांचा कारखानाही कक्षेत घेतला.

१२/ पण वय ओळखायचे कसे? जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसे. ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ अशा आठवणीवर वय ठरे. म्हणून प्रमाणपत्र देणारा डॉक्टर मुलाचे दात, उंची, अंगकाठी पाहून वयाचा अंदाज करी. शहरात हे जमे. तालुक्याच्या जिनात डॉक्टर येईपर्यंत हंगाम सरायचा, आणि निरीक्षकाची वर्दी लागताच मुले मागच्या दाराने पांगवणे मालकाला सहज शक्य होते.

१३/ व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. त्याच्या साक्षींचा एक स्वतंत्र खंड मध्य प्रांत व वऱ्हाडचा आहे. त्यानंतर आलेल्या १९३४ च्या कायद्यात कापसाचे जिन-प्रेस ‘हंगामी कारखाने’ म्हणून नावानिशी नोंदले गेले. मुलांचे तास पाचवर आले. पंधरा ते सतरा वयाच्या ‘किशोर’ कामगाराचा वेगळा विचार याच कायद्यात प्रथम झाला. प्रौढाचे काम करायचे, तर डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे.

१४/ तरीही कारखान्याबाहेरचे शेत मोकळेच राहिले. पऱ्हाटीची वेचणी, गुरे राखणे, सालदाराच्या मुलाने बापाबरोबर राबणे यांकडे कोणताच निरीक्षक फिरकत नसे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीचे, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचे, बालपण अकोल्याकडच्या दापुऱ्यात आजोळी गुरे राखण्यात गेले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शिकवा, हे ते जन्मभर कीर्तनातून का सांगत राहिले, ते यावरून कळते.

१५/ म्हणून वऱ्हाडात कायद्याइतकेच महत्त्व शाळेला आहे. मध्य प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पापळचे पंजाबराव देशमुख १९३० मध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. अमरावतीतील श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यांचीच उभारणी. शेतकऱ्याच्या मुलाला राहायला जागा मिळाली, की तो हंगामात शाळा सोडत नाही, हे त्यामागचे साधे गणित होते.

१६/ स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने किमान वय चौदा केले. त्याचे कलम २७ वऱ्हाडी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे. कापसाच्या प्रेसमध्ये कापूस सुटा करणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रिया आणि मुले यांना कामाला लावू नये, असे ते २०२५ पर्यंत सांगत होते. पाठोपाठ संविधानाचे कलम २४ आले. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली. ते संमत करणाऱ्या संविधान सभेत पंजाबरावही होते.

१७/ या साऱ्या कायद्यांतून एक मागणी वारंवार येते: कायद्याचा सारांश कामगारांना कळेल अशा भाषेत दर्शनी जागी लावा. १९४८ च्या कायद्यात ती होती, १९८६ च्या बालकामगार कायद्यातही आहे. ज्याला कायदा ठाऊक नाही त्याच्यासाठी तो नसल्यासारखाच, हे कायदे करणाऱ्यांनाही कळले होते. अडचण एवढीच, की फलक वाचायलाही आधी शाळेत जावे लागते.

१८/ २०१६ च्या दुरुस्तीने चित्र स्पष्ट झाले. चौदा वर्षांखाली नोकरीवर पूर्ण बंदी. अपवाद घरच्या कामात मदतीचा आणि बालकलावंतांचा, तोही शिक्षण न बुडवता. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई. मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

१९/ २०१७ च्या नियमांनी तर जनजागृती हे सरकारचे कर्तव्यच ठरवले: रेल्वे स्थानके, बसस्थानके येथे माहिती लावणे, अभ्यासक्रमात कायदा आणणे. घरच्या कामात मदत करणाऱ्या मुलाला शाळेच्या वेळेत, तसेच संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला लावता येत नाही. मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकाने ते संबंधित अधिकाऱ्याला कळवायचे आहे.

२०/ हा शेवटचा नियम वऱ्हाडाच्या इतिहासाशी ताडून पाहा. १८८१ मध्ये कायदा विचारत होता, कारखाना वर्षातले किती महिने चालतो? आज तो विचारतो, मूल किती दिवस शाळेत आलेले नाही? मोजण्याची वस्तूच बदलली, आणि त्याला जवळजवळ एकशे छत्तीस वर्षे लागली.

२१/ कापसाची वेचणी आजही दिवाळीच्या आगेमागेच भरात येते आणि शाळेचे दुसरे सत्रही तेव्हाच सुरू होते. त्या दिवसांत आपल्या वर्गातला एखादा बाक रिकामा दिसला, तर शिक्षकांना सांगा. कामावर जुंपलेले मूल दिसले, तर १०९८ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून विनाशुल्क लागतो. ज्यांच्या घरी शेत, दुकान किंवा जिन आहे, त्यांनी हा धागा घरच्या मोठ्यांना वाचून दाखवावा.