हातातले यंत्र कोणाचे?



वसंतातल्या व्याख्यानात इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे चांद्याचा परकोट, गोंड राजांच्या काळचे तलाव, किंवा १८५८ साली चांद्यास फाशी गेलेले बाबूराव शेडमाके अशा विषयांची श्रोत्यांना अपेक्षा असते. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती फार जुनी नाही, आणि ती बहुतेकांच्या खिशात या क्षणीही आहे. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन. तो आपण रोख पैसे मोजून आणतो. पण नांगर विकत घेतला म्हणजे त्याचा फाळ बदलण्यास नांगर विकणाऱ्याची परवानगी लागत नाही. मोबाइलचे तसे नाही. त्यात कोणते अ‍ॅप असावे, कोणते काढता येऊ नये, आपण कोठे जातो याची नोंद कोणाकडे जावी, हे पुष्कळ अंशी दूरदेशीची एखादी कंपनी ठरविते. अशा कंपन्यांच्या सेवा दूर ठेवूनही मोबाइल वापरणारे लोक जगात आहेत. ते या मार्गाला कसे लागले आणि त्यांना किती यश आले, हे पाहणे हा आजचा विषय होय.

पोंभुर्ण्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वस्तू आपली आणि परवाना दुसऱ्याचा, ही स्थिती या जंगलपट्ट्याने शंभर वर्षांहून अधिक काळ भोगली आहे. जळतण, घराचे लाकूड, बांबू आणि चारा गावच्या जंगलातून घेण्याच्या रिवाजाला आपल्याकडे निस्तार म्हणतात. इंग्रजी अमलात १८७८ चा आणि पुढे १९२७ चा वन कायदा आला, आणि जो हक्क होता त्याची सवलत झाली. १९५१ साली मालगुजारी गेली. पण जंगल आणि तलाव मालगुजाराकडून निघून गावाकडे आले नाहीत, ते सरकारकडे गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि त्या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्काचा दावा मिळाला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देणारे गाव ते हेच.

पण पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. हक्काचा कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या ताब्यात होते. मालकी गावाची खरी, पण माल हलावयाचा दुसऱ्याच्या सहीने! अखेर २०११ च्या एप्रिल महिन्यात तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यास आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मालकीचा कागद आणि परवान्याचे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर पहिली निम्मीच असते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे मोबाइलचा इतिहास समजण्यास अडचण पडणार नाही.

या इतिहासाची सुरुवात मोबाइलपासून झाली नाही, ती कागद छापणाऱ्या यंत्रापासून झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करीत असे. प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला, आणि त्यात कागद वारंवार अडकू लागला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमनने स्वतःच सुधारणा केली होती. कागद अडकला की संगणकावर तसा निरोप येई. नव्या यंत्राच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर मात्र कंपनीने दिला नव्हता. तो ज्याच्यापाशी होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थाने, आपण गुप्ततेचे वचन दिले आहे, असे सांगून नकार दिला. गोष्ट क्षुल्लक, पण स्टॉलमनच्या मनाने ती घेतली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअरसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. प्रोग्राम चालविण्याची, त्याचा अभ्यास करण्याची, तो बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक वापरणाऱ्यास असावी, हे त्याचे सूत्र. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि या दोन्ही प्रवाहांचा संगम होऊन मुक्त संगणकप्रणाली प्रत्यक्षात आली.

याच लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइडची इमारत उभी आहे. २००५ साली गूगलने अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली, आणि २००८ साली त्या प्रणालीचा पहिला फोन बाजारात आला. अँड्रॉइडचा मूळ मजकूर गूगलने खुला ठेवला. पण खुल्या मजकुराच्या शेजारीच अ‍ॅपचे दुकान, नकाशे, टपाल आणि पुढे 'प्ले सर्व्हिसेस' हा बंद भाग गूगलने आपल्याकडे राखला. जो कारखानदार करारावर सही करील त्यालाच तो मिळे. जंगलात फिरण्यास मोकळीक आणि नाक्यावर अडवणूक, असाच हा प्रकार! स्टीव्ह कोंडिक या तरुणाने खुल्या मजकुरातून 'सायनोजेनमॉड' ही प्रणाली केली व तीत गूगलची अ‍ॅप घातली, तेव्हा २००९ साली गूगलने त्याला मनाईची नोटीस दिली. त्याने ती अ‍ॅप काढून काम चालू ठेवले. ते काम २०१६ च्या अखेरीस बंद पडले, आणि स्वयंसेवकांनी तेच बी घेऊन 'लिनेज' उभे केले. २०१० साली निघालेले 'एफ-ड्रॉइड' हे मुक्त अ‍ॅपचे भांडार, फ्रान्समधील गेल दुवाल यांची 'ई' प्रणाली, सुरक्षिततेवर भर देणारी 'ग्राफीन' ही सारी याच वाटेवरची ठाणी होत. गूगलच्या परवान्यावाचून केवढी अडचण होते हे २०१९ साली जगाने पाहिले. अमेरिकन सरकारच्या निर्बंधामुळे हुआवेच्या नव्या फोनांवर गूगलच्या सेवा येईनाशा झाल्या, आणि चीनबाहेर त्या फोनांचे गिऱ्हाईक झपाट्याने तुटले. जेथे एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तेथे एकट्यादुकट्या माणसाची काय कथा?

आता आपल्या देशाकडे वळू. फेसबुकने रिलायन्सच्या साह्याने काही थोडी संकेतस्थळे फुकट देण्याची 'फ्री बेसिक्स' ही योजना आणली. फुकटाला नको म्हणणे अवघड असते. तरीही लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाकडे आपली मते धाडली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने असा दरभेद बेकायदा ठरविला. दुसरी कथा इतकी सुखान्त नाही. मोझिला या संस्थेने फायरफॉक्स नावाची मुक्त मोबाइलप्रणाली केली होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्या प्रणालीचा फोन भारतात १,९९९ रुपयांना मिळू लागला. तो चालला नाही, आणि मोझिलाने लवकरच तो नाद सोडला. पण मजकूर मुक्त असल्यामुळे तो मेला नाही; त्यातून 'काय-ओएस' ही प्रणाली निघाली, आणि २०१७ साली १,५०० रुपयांच्या अनामतीवर आलेला जिओफोन याच प्रणालीवर चालला. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जिओफोनवर इंटरनेट पाहिले, त्यांच्या हातात एका मुक्त प्रणालीचे नातवंड होते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगण्यात फारसा अर्थही उरला नव्हता. २०१८ साली गूगलने काय-ओएसमध्ये २ कोटी २० लाख डॉलर गुंतविले, आणि गूगलची व फेसबुकची अ‍ॅप त्या फोनावर येऊन बसली. बी मुक्त असले तरी शेत कोणाच्या ताब्यात आहे, यावर पीक अवलंबून असते.

तिसरी गोष्ट न्यायाची. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २९ मार्च २०२३ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या आज्ञांपैकी काही रद्द केल्या. त्याआधी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिलाच होता. म्हणजे आपल्याकडे कागद मिळाला आहे, परवान्याचे पुस्तक मात्र अद्याप पूर्णपणे मिळावयाचे आहे.

मग या कंपन्यांवाचून प्रत्यक्षात दिवस कसा काढावयाचा? पुष्कळ कामे सुरळीत होतात. बोलणे, संदेश, छायाचित्रे यांना अडचण नाही. लोकांनी मिळून २००४ पासून रचलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा फोनात आधी उतरवून ठेवला, तर रेंज नसलेल्या रानातही वाट दाखवितो. आणि आपल्या टोल्याचे नाव त्यात नसेल तर ते आपणच घालू शकतो. मराठी लिहिण्यास मुक्त कळफलक आहेत, वाचावयास २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडिया आहे.

अडते ते सरकार आणि बँक यांच्या दाराशी. कित्येक बँकांची अ‍ॅप आधी फोनालाच विचारतात, 'तू कंपनीच्या पसंतीचा आहेस काय?' प्रणाली बदललेली दिसली की ती उघडत नाहीत. पैशाला निदान *९९# ची जुनी वाट आहे, आणि साध्या फोनासाठी २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालेली यूपीआयची सोय आहे. पण महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्यावरचे पीक शेतकऱ्याने स्वतः 'ई-पीक पाहणी' अ‍ॅपवरून नोंदवावे असे ठरले, आणि ते अ‍ॅप गूगलच्या दुकानातून घेण्याची वहिवाट पडली. धान आपले, बांधी आपली, सातबारा सरकारचा. मध्ये हे तिसरे दुकान कशासाठी? शहरातल्या हौशी माणसाला हा तत्त्वाचा वाद वाटेल. पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्याला मात्र ज्या हंगामात नोंद राहून गेली, त्या हंगामात नुकसानभरपाईच्या वेळी दारोदार फिरावे लागते.

त्यात नवी भर पडू पाहत आहे. आपल्याकडे नाव नोंदविलेल्या कर्त्यांचीच अ‍ॅप प्रमाणित अँड्रॉइड फोनावर चढतील, मग ती कोणत्याही भांडारातून आणा, असे गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. फसवणूक रोखण्याचा हेतू त्यामागे सांगितला गेला, आणि फसवणूक ही खोटी भीती नव्हे. एफ-ड्रॉइडने यास कडाडून विरोध केला, आणि नोव्हेंबरात गूगलने जाणकारांसाठी एक वाट मोकळी ठेवण्याचे कबूल केले. वनखातेही परवाना मागताना चोरतोड थांबविण्याचेच कारण देई. कारण खरे असू शकते. प्रश्न एवढाच की, पुस्तक कोणापाशी असावे?

यावर कोणी म्हणेल की, एवढी गैरसोय सोसून मिळवावयाचे काय? याचे उत्तर मी आपल्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातून देतो. तेथील पाचगावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूची विक्री गावाने आपल्या हाती घेतली, पण तेंदूपाने तोडणे बंद केले. कारण तेंदूसाठी झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लागतात. हाती येणारा पैसा गावाने समजून सोडला. ज्याला नाही म्हणता येते तोच मालक, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

प्रत्येकाने उद्या फोनातली प्रणाली खरवडून काढावी, असे मी म्हणत नाही. ते साऱ्यांना जमणारे नाही, आणि अर्धवट ज्ञानाने केल्यास फोन निकामी व्हावयाचा. पण दोन मागण्या आपण ग्रामसभेतूनही करू शकतो. सरकारी काम कोणत्याही कंपनीच्या दुकानात न जाता, साध्या संकेतस्थळावरून किंवा तलाठ्याच्या दफ्तरात होण्याची सोय कायम असावी. आणि ज्याने आपल्या फोनाचे कुलूप आपल्या हाताने उघडले त्याला बँकेने व सरकारने चोर समजू नये. मेंढ्याच्या लोकांना २००९ साली कागद आणि २०११ साली पुस्तक मिळाले. मधली दोन वर्षे ते गप्प बसले नाहीत, म्हणून ते मिळाले. आपल्या खिशातल्या यंत्राची ती मधली वर्षे सध्या चालू आहेत.